फायब्रोमायल्जिया: गोळी लागू पडली, चालणं मात्र अंगावर येतंय

निशिगंध | १२ जानेवारी, रात्री ११.२०

फायब्रोमायल्जियावर (अंगभर दुखत राहण्याचा आजार) इथे जुने दोन-तीन धागे आहेत, पण ते सगळे "हा आजार खरा की मनाचे खेळ" या वादात रुतून बसलेत. कृपया इथे तो वाद नको. मला फक्त एवढंच विचारायचंय की औषध आणि व्यायाम यांची सांगड घालायची कशी.

वय ४३. तीन वर्षं अंग दुखतंय, आणि तेही एका जागी नाही. आज खांदे, उद्या मांड्या, परवा जबडा. सकाळी उठते ती रात्रभर कोणीतरी तुडवल्यासारखी. ईएसआर, सीआरपी (या दोन दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या), थायरॉइड, ड जीवनसत्त्व, सगळं तपासून झालं, सगळं ठीक आलं. पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळून "तुम्हाला काहीही झालेलं नाही, मन रमवा कशाततरी" म्हणून वाटेला लावलं. काही झालेलं नाही तर टॉवेल पिळताना मनगटापासून खांद्यापर्यंत जाळ का निघतो, हे विचारायचं त्या दिवशी सुचलंच नाही. पुढे संधिवाततज्ज्ञांनी शरीराचं चित्र समोर ठेवून दुखऱ्या जागांवर खुणा करायला लावल्या. १९ पैकी १४ निघाल्या. झोप, थकवा आणि विसरभोळेपणा यांचे गुण वेगळे. तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं.

वेदनेसाठी ड्युलोक्सेटिन ही गोळी चालू आहे. आठवडाभर ३० मिलिग्रॅम, मग ६०. पहिले आठ-दहा दिवस मळमळीने हैराण झाले, आता नाही होत. दहा आठवड्यांत दुखणं दहातल्या आठावरून सहावर आलं. डॉक्टर म्हणाले, आता व्यायाम सुरू करा. मी लगेच ४० मिनिटं चालून आले! त्या दिवशी इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. चार दिवस अंथरुणात. बरं वाटल्यावर परत ४० मिनिटं, परत तेच. असं तीनदा झालं. आता चपला घालतानाच पोटात गोळा येतो.

गोळी वाढवून मागू की चालणं सोडून देऊ?

---

खडूस_काका | १२ जानेवारी, रात्री ११.५१

बायकोला पंधरा वर्षं हा आजार आहे, तेव्हा अनुभवाने बोलतोय. "व्यायाम करा" हा डॉक्टरांचा हात झटकण्याचा प्रकार आहे. ज्याचं अंग दुखतंय त्याला चाला म्हणायचं, आणि नाही चालला तर "तुम्हीच मनावर घेत नाही" म्हणायला मोकळे. एका जिममध्ये पाठवली होती तिला. पोरगा म्हणाला, दुखलं म्हणजे फायदा होतोय. पंधरा दिवस उठली नाही.

---

पाऊलवाट | १३ जानेवारी, सकाळी ७.०५

काकांचा राग कळतो, आणि त्या जिमवाल्याबद्दल त्यांच्यापेक्षा कडक बोलायची माझी तयारी आहे. तरीही चालणं सोडू नकोस, निशिगंध. मला अकरा वर्षं झाली. तुझी ४० मिनिटांची गोष्ट वाचून हसू आलं, कारण मीही ४० च चालले होते. सगळ्यांना तोच आकडा कसा सुचतो कोण जाणे.

माझी सुरुवात अमिट्रिप्टिलिनवर झाली, ही मुळात नैराश्यावरची गोळी. १० मिलिग्रॅम, झोपायच्या दोन-तीन तास आधी. अगदी झोपताना घेतली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांवर झापड, आणि तोंडाला अशी कोरड की जीभ टाळूला चिकटायची. लवकर घ्यायला लागल्यावर झापड कमी झाली. "मला नैराश्य नाही, मग ही गोळी का?" म्हणून मी डॉक्टरांशी भांडले होते. तेव्हा त्यांनी १९७५ चा एक प्रयोग सांगितला. टोरंटोच्या हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांची गाढ झोप रात्री आवाज करून मोडली. माणसं जागी होत नव्हती, फक्त गाढ झोपेतून वर यायची. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं, जागोजागी दाबलं की कळ यायला लागली. ते ऐकून माझं भांडण संपलं. गोळी झोपेसाठी होती, आणि झोप दुसऱ्या दिवशी पाय उचलता यावेत म्हणून.

मग फिजिओने विचारलं, "तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी तुम्ही किती मिनिटं चालू शकता?" मी म्हटलं, सहा-सात. ती म्हणाली, मग पाच. रोज नाही, दिवसाआड. घड्याळ लावायचं आणि पाच मिनिटं झाली की थांबायचं, कितीही छान वाटत असलं तरी. मला अपमान वाटला होता. पाच मिनिटं म्हणजे घरातल्या घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या! मी सोफ्याला वळसा घालायचे आणि मुलगी मोजायची. सोफ्याला एकवीस वळसे म्हणजे पाच मिनिटं. दोन आठवडे तेवढंच, मग सहा. अर्ध्या तासावर यायला सात महिने लागले.

---

अर्धविराम | १३ जानेवारी, सकाळी ९.४०

पुरुषांनाही होतो हा आजार, आधी तेवढी नोंद करा. :)

मी प्रेगाबालिन या वेदनेच्या गोळीवर आहे, ७५ सकाळ-संध्याकाळ. झोप सुधारली. पण चार महिन्यांत सहा किलो वजन वाढलं आणि पावलांवर सूज येते. व्यायामाने वजन उतरवायचं म्हणून सकाळी गोळी घेतली की तासाभरात योगासनं सुरू करायचो. वृक्षासन करताना धाडकन आपटलो. कोणी सांगितलंच नव्हतं की गोळी आणि आसन यांच्या वेळा जुळवायला लागतात.

---

गोळीबार | १३ जानेवारी, दुपारी १.१५

आयडीवर जाऊ नका, मी फार्मासिस्ट आहे. तुमचे डॉक्टर मी नाही, तेव्हा डोस बदलायचे ते त्यांना विचारूनच.

अर्धविराम, प्रेगाबालिन घेतल्यावर पहिले काही तास चक्कर आणि गुंगी जास्त असते, सुरुवातीच्या आठवड्यांत तर फारच. तोल सांभाळायचे प्रकार त्या वेळात नकोत. करायचेच तर भिंतीला हात लावून. आणि सूज, वजन हे दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला. व्यायामाने जिरवू म्हणत बसू नका, कारण ते बहुधा त्या गोळीचंच देणं आहे.

ड्युलोक्सेटिनने घाम जास्त येतो, काहींचा रक्तदाब वाढतो. व्यायाम सुरू करण्याआधी आणि नंतर महिन्याभराने रक्तदाब मोजून घ्या. कॅप्सूल फोडून, चावून घ्यायची नाही. आतल्या दाण्यांवर जठरातल्या आम्लापासून बचावाचं आवरण असतं. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी. मिल्नासिप्रान (याच आजारावरचं आणखी एक औषध) घेणाऱ्यांची नाडी मुळातच जलद चालते, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला हृदयगतीचा आकडा बघून व्यायामाचा जोर ठरवू नका. अमिट्रिप्टिलिनवाल्यांनी बसल्या जागेवरून झटकन उठू नये, डोळ्यांपुढे अंधारी येते.

एक गोष्ट दुकानात रोज बघतो. व्यायामाला जायच्या आधी "दुखू नये म्हणून" आयबुप्रोफेन घेणारे. या आजारात सूज-दाह नसतो, त्यामुळे ती गोळी इथे फारशी उपयोगाची नाही. जठर आणि मूत्रपिंडाला मात्र रोजचा त्रास. आणि ड्युलोक्सेटिन चालू असताना दुसऱ्या कोणी डॉक्टरांनी ट्रामाडॉल हे वेदनाशामक लिहून दिलं तर आधी सांगा की हे चालू आहे. दोन्ही सेरोटोनिन वाढवतात, एकत्र आल्यावर थरथर, ताप, धडधड इथपर्यंत मजल जाऊ शकते.

राहता राहिली "गोळी वाढवू का?" ही गोष्ट. अमेरिकेत या आजारासाठी प्रेगाबालिनला २००७ मध्ये, ड्युलोक्सेटिनला २००८ मध्ये आणि मिल्नासिप्रानला २००९ मध्ये मान्यता मिळाली. तिन्ही औषधं याच आजारासाठी युरोपच्या औषधसंस्थेपुढे गेली आणि तिन्हींना नकार मिळाला. कागदपत्रं साधारण तीच, निकाल उलटा! कारण फायदा सरासरीत फार थोडा दिसतो. काहींना खूप बरं वाटतं, बऱ्याच जणांना काहीच नाही. निशिगंध, आठावरून सहा म्हणजे तुम्ही नशीबवान गटात आहात. ड्युलोक्सेटिन ६० च्या वर नेऊन या आजारात जास्त आराम मिळतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही, त्रास मात्र वाढतो.

---

खडूस_काका | १३ जानेवारी, दुपारी २.०२

म्हणजे गोळ्याही फुसक्या. मग राहिलं काय?

---

हाडवैरी | १३ जानेवारी, रात्री १०.३०

राहिला तो व्यायामच, काका. :) मी फिजिओथेरपिस्ट. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे युलारने, २०१७ मध्ये या आजाराच्या सगळ्या उपचारांचे पुरावे तपासून शिफारशी काढल्या. "जोरदार शिफारस" फक्त एका उपचाराला मिळाली, व्यायामाला. गोळ्यांना सौम्य शिफारस.

तरीही तुमच्या पत्नीच्या बाबतीत तो जिमवाला साफ चुकला. "दुखलं म्हणजे फायदा" हे निरोगी माणसाच्या स्नायूंचं गणित आहे. निरोगी माणसाने दम लागेल असा व्यायाम केला की नंतर थोडा वेळ त्याला वेदना कमी जाणवते, कारण मेंदू खाली मज्जारज्जूकडे "दुखण्याच्या वर्द्या दाबा" असे निरोप धाडतो. फायब्रोमध्ये ही दाबायची व्यवस्था दुबळी असते. साध्या स्पर्शाची, साध्या ताणाचीही वर्दी मोठी होऊन वर जाते. अशात कुवतीबाहेर मेहनत झाली तर वेदना उतरायच्या ऐवजी चढते. तुझं नेमकं हेच झालं, निशिगंध. स्नायू फाटले नाहीत, सांधे झिजले नाहीत. चार दिवस भोगलेस ते खरे, पण आत कुठे इजा झालेली नाही. चपला घालताना ही एक गोष्ट आठव.

वेदना दाबणारे ते निरोप बऱ्याच अंशी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या दोन रसायनांवर चालतात, आणि ड्युलोक्सेटिन हीच दोन वाढवतं. म्हणून माझ्या मते गोळी आणि चालणं यांत निवड करायचीच नाही. गोळीने वेदना दोन पायऱ्या खाली आणली, त्या दोन पायऱ्यांत थोडा व्यायाम मावतो. तू तेवढ्या जागेत ४० मिनिटं कोंबलीस.

व्यायामालाही गोळीसारखाच डोस असतो. तुझ्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी ६० दिली नाही, ३० दिली. मग चालण्याचा पूर्ण डोस पहिल्याच दिवशी कशाला? पाऊलवाट यांची पाच मिनिटं हा शुद्ध शास्त्रीय डोस आहे. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, हा जोर. सुरुवातीचे दोन आठवडे गाणंही म्हणता आलं तरी चालेल. वाढवायचं ते आठवड्या-दोन आठवड्यांनी, एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपास. आणि पावती त्याच दिवशी बघायची नाही, ४८ तासांनी बघायची. दुखणं दोन दिवसांत मूळ पातळीवर आलं तर डोस बरोबर होता.

कोणता व्यायाम, यावर भांडू नका. १९८८ मध्ये मॅक्केन आणि मंडळींनी वीस आठवडे एका गटाला हृदयाची गती वाढवणारा व्यायाम आणि दुसऱ्याला फक्त ताणाचे प्रकार दिले होते. पहिल्या गटाची दमछाक कमी झाली आणि दाबबिंदू, म्हणजे दाबलं की दुखणाऱ्या जागा, जास्त दाब सोसायला लागले. पुढे २०१८ मध्ये ताई-ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) आणि एरोबिक (हृदयाची गती वाढवणारा) यांची २२६ जणांत तुलना झाली, ताई-ची तोडीस तोड किंवा सरस ठरली. कोमट पाण्यातला व्यायाम, हलकी वजनं, सगळ्याचा उपयोग होतो. टिकेल तो करा.

---

उंबरठा | १४ जानेवारी, सकाळी ८.१२

एक खडा टाकते. "हळूहळू वाढवत न्या" हा सल्ला सरसकट देऊ नका. मला आधी फायब्रो सांगितला होता, प्रत्यक्षात एमई म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम निघाला. त्यात थोड्या श्रमानंतर दिवस-दोन दिवसांनी माणूस पार कोसळतो, आणि आठवडेच्या आठवडे सावरत नाही. दुखणं बाजूलाच राहिलं, मला दिव्याचा उजेड आणि माणसांचा आवाज सहन होत नव्हता. मी ठरलेल्या वेळापत्रकाने मिनिटं वाढवत गेले आणि चालत्या-फिरत्या अवस्थेतून अंथरुणाला खिळले. उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये एमईसाठी ठरीव चढता व्यायाम देऊ नका असं सांगितलंय, आणि त्याच वर्षी जुनाट वेदनेसाठी व्यायाम द्या असंही. दोन्ही बरोबर आहेत, आजार वेगळे आहेत. काहींना दोन्ही असतात.

---

हाडवैरी | १४ जानेवारी, सकाळी ८.४५

हे मीच आधी लिहायला हवं होतं. उंबरठा यांना शंभर टक्के अनुमोदन. निशिगंध, तुझे ते चार दिवस वेदनेचे होते की अशा कोसळण्याचे?

---

निशिगंध | १४ जानेवारी, दुपारी १२.३०

वेदनेचे. डोकं जाग्यावर होतं, पडल्या पडल्या कामाचे फोन घेत होते. पाचव्या दिवशी पहिल्यासारखी.

पाच मिनिटांपासून सुरू करते. एक विचारायचं राहिलं. डॉक्टर म्हणताहेत की झोपेसाठी अमिट्रिप्टिलिनचा छोटा डोस जोडू. चालणं आणि ती गोळी, दोन्ही याच सोमवारपासून सुरू करू का?

---

अर्धविराम | १४ जानेवारी, दुपारी १.०५

नको!! माझा किस्सा ऐक. प्रेगाबालिनच्या आधी मी ड्युलोक्सेटिनवर होतो. नवीन सायकल घेतली, रोज पंधरा मिनिटं. त्याच आठवड्यात प्रवासात गोळ्या विसरलो, तीन दिवस खाडा. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, चक्कर, चिडचिड, घाम. मी दोष दिला सायकलला. परत आल्यावर गोळ्या सुरू केल्या, सायकल बंद केली, आणि दोन दिवसांत बरा झालो. झालं, सिद्ध झालं ना सायकलच वाईट! वर्षभर माळ्यावर धूळ खात होती. पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, अहो हे तर गोळी एकदम तुटल्याचं लक्षण. ती थांबवायची तरी पायरी पायरीने.

---

गोळीबार | १४ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

अर्धविराम यांनी लाखातलं सांगितलं. एका वेळी एकच बदल. दोन्ही एकदम सुरू केले आणि थकवा वाढला, तर दोषी कोण ते कधीच कळणार नाही.

निशिगंध, शिवाय ड्युलोक्सेटिन यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्यामुळे अमिट्रिप्टिलिन रक्तात नेहमीपेक्षा जास्त साचतं. तुमच्या डॉक्टरांनी "छोटा" म्हटलंय ते बहुधा म्हणूनच. पाऊलवाट यांचा १० चा आकडा वाचून आपल्या मनाने १० घेऊ नका. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार असेल तर आधी सांगा.

---

निशिगंध | ९ मार्च, रात्री ९.१५

धागा वर आणतेय. आठ आठवडे झाले.

वहीतलं जसंच्या तसं:

आठवडा १ – ५ मि., दिवसाआड. हास्यास्पद वाटलं. दुखणं ६.
आठवडा २ – ५ मि. दुखणं ६. झोप तशीच.
आठवडा ३ – ६ मि. गुरुवारी छान वाटलं म्हणून १५ केली. (मला मारा.) शनिवारी ७.
आठवडा ४ – परत ५.
आठवडा ५ – सर्दी-ताप. शून्य.
आठवडा ६ – ५ मि. सकाळऐवजी संध्याकाळी चालले. सकाळचं आखडलेपण उतरलेलं असतं, पाय हलके वाटतात.
आठवडा ७ – ७ मि.
आठवडा ८ – ८ मि. दुखणं ५, कधी ६.

आठ मिनिटं ऐकून कोणी हसेल. पण परवा टॉवेल पिळला आणि दोरीवर टाकल्यावर लक्षात आलं की मध्ये थांबले नव्हते.

अमिट्रिप्टिलिन अजून सुरू केलेलं नाही, येत्या सोमवारपासून करायचंय.

---

हाडवैरी | ९ मार्च, रात्री ९.५०

तापानंतर आठवडा ६ मध्ये ५ वरून परत सुरू केलंस, तो या वहीतला सगळ्यात शहाणा आकडा. सोमवारपासून तीन आठवडे मिनिटं ८ वरच गोठव.

---

खडूस_काका | १० मार्च, सकाळी ६.३०

हा धागा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला होता. सात मिनिटांवर सुरू केलंय तिने, मी सोबत असतो. पहिल्याच आठवड्यात ती वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "सात झाली, मी वळतेय." मी म्हटलं, आता त्या कोपऱ्यापर्यंत आलोच आहोत तर... तिने नुसतं बघितलं माझ्याकडे. जिमवाल्या पोराला पंधरा वर्षं शिव्या देतोय मी.

आता घड्याळ तिच्या हातात असतं.

---

निशिगंध | १० मार्च, सकाळी ७.४५

काका, काकूंना इथे आयडी काढून द्या.